सड्यावरची तबकडी

डिस्क गोल्फच्या फेअरवे ड्रायव्हर तबकडीची कुंडली चार आकड्यांत मांडतात: वेग, तरंग, सुरुवातीचं वळण, अखेरचं वळण. 'टीबर्ड' ७, ५, ०, २. 'लेपर्ड' ६, ५, उणे २, १. उजव्या हाताने बॅकहँड फेकली, तर लेपर्ड आधी उजवीकडे झुकते. टीबर्ड सरळ जाऊन शेवटी डावीकडे उतरते. राजापूरच्या सड्यावर समुद्राकडून येणारा वारा मात्र हे आकडे वाचत नाही. राजापूरकरांना त्याचं नवल नाही. त्यांच्या गावची गंगा दर तीन वर्षांनी प्रकटते, हा हिशेब गंगेने तरी कुठे पाळला?

टिकाऊपणाचा वाद परदेशी हिरवळीवर सोडवतात. तो इथे सोडवावा, जांभ्याच्या सड्यावर. स्वस्त डीएक्स प्लास्टिकची कड लवकर झिजते, आणि झिजलेली तबकडी पूर्वीपेक्षा उजवीकडे अधिक वळते. म्हणजे चार आकडे खरवडले जातात, किंमत तेवढी शाबूत राहते. महाग चॅम्पियन प्लास्टिक जास्त तग धरतं. पण धरून धरून किती? ज्या राजापूरच्या नावाने पंचा ओळखला जातो, त्याला टिकाऊपणाची जाहिरात वाचून दाखवू नये.

आमचा निकाल असा: उड्डाणात टीबर्ड भरवशाची, नवशिक्याच्या हाताला लेपर्ड सोपी आणि टिकण्यात जांभा पहिला. देवाचे गोठणे, बारसू इथली कातळशिल्पं हजारो वर्षं टिकली आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत पोचली. तेव्हा खेळाडूंनो, तबकडी खुशाल झिजवा. पण त्या चित्रांपासून लांब.