देशप्रेम, मु. पो. ग्लॉस्टर

फ्रान्समध्ये होणारा वर्ल्डकप खेळायचा असेल तर आधी फ्रान्स सोडून यावं लागतं. हे वाक्य उलटं छापलं गेलंय असं ज्यांना वाटेल त्यांनी झॅक मर्सरला विचारावं. हा इंग्लंडचा रग्बी खेळाडू २०२१मध्ये बाथ क्लब सोडून दक्षिण फ्रान्सातल्या माँपेलिएला गेला. तिथे त्यानं असा खेळ केला की पुढच्याच वर्षी तो क्लब इतिहासात पहिल्यांदा फ्रान्सचा विजेता झाला आणि मर्सर त्या लीगचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. एवढ्यावर दुसऱ्या कुठल्या देशाची निवड समिती हार घेऊन विमानतळावर उभी राहिली असती. इंग्लंडनं फक्त पत्ता विचारला. पत्ता फ्रेंच निघाला.

इंग्लंडच्या रग्बी युनियनचा नियम सरळ आहे. देशाकडून खेळायचं तर देशातल्या क्लबात खेळा. 'असाधारण परिस्थिती' असेल तरच अपवाद. फ्रान्ससारख्या कडव्या लीगमध्ये पहिलं येणं ही असाधारण परिस्थिती धरत नाहीत. क्लबाचं दिवाळं निघणं धरतात. २०२२मध्ये वॉस्प्स क्लब बुडाला, २०२३मध्ये लंडन आयरिश बुडाला. वॉस्प्सचा जॅक विलिस तुलूझला गेला, आयरिशचा हेन्री अरुंडेल पॅरिसच्या रेसिंगकडे गेला, आणि दोघंही इंग्लंडकडून वर्ल्डकप खेळायला पात्र राहिले. म्हणजे इंग्लंडच्या खेळाडूनं फ्रान्सला जायला हरकत नाही; फक्त जाताना मागचं घर जळालेलं हवं.

मर्सर शहाणा माणूस. त्यानं माँपेलिएचं ऊन सोडलं आणि २०२३च्या वर्ल्डकपच्या आधी ग्लॉस्टरला येऊन राहिला. ग्लॉस्टरला चांगलं कॅथीड्रल आहे, पाऊस आहे आणि किंग्जहोम नावाचं मैदान आहे, जिथले प्रेक्षक पाहुण्या संघाला त्याच्या पूर्वजांसकट ओळखतात. पत्ता बदलला, कागद स्वच्छ झाले, सराव शिबिराचं बोलावणंही आलं. मग ऑगस्टमध्ये वर्ल्डकपचा संघ जाहीर झाला. त्यात मर्सर नव्हता. फ्रान्समध्ये राहणारे विलिस आणि अरुंडेल होते. अरुंडेलनं चिलीविरुद्ध एकाच सामन्यात पाच ट्राय केले. ते मर्सरनं टीव्हीवर पाहिले की नाही याची नोंद नाही.

यात मर्सरवर अन्याय झाला असं कुणी समजू नये. ग्लॉस्टरच्या पत्त्याचा उपयोग नीट समजून घेतला पाहिजे. फ्रान्समध्ये राहणाऱ्याला वगळता येत नाही, कारण तो यादीतच नसतो. ग्लॉस्टरमध्ये राहणाऱ्याला मात्र रीतसर, सन्मानानं, नाव घेऊन वगळता येतं. देशांतर्गत क्लबात परतून खेळाडूला जो हक्क मिळतो तो हा.

हा हक्क त्याच गावात राहून आधी एकानं बजावलेला होता. डॅनी सिप्रियानी. खेळ हुशार, स्वभाव प्रशिक्षकांना न झेपणारा. एकदा ऑस्ट्रेलियात जाऊन खेळून आलेला, त्यामुळे पत्त्याचं महत्त्व चांगलं ठाऊक असलेला. २०१८मध्ये वॉस्प्स सोडताना त्यानं बाहेरच्या देशांकडे पाठ फिरवली आणि ग्लॉस्टर निवडलं, ते इंग्लंडचं दार उघडं राहावं म्हणून. त्याच जूनमध्ये केपटाऊनला तो दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या तिसऱ्या कसोटीत सुरुवातीपासून खेळला. त्याच्याच किकवर जॉनी मेनं ट्राय केला आणि इंग्लंडनं २५-१० असा सामना जिंकला. पुढच्या मोसमात तो इंग्लंडच्या लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. प्रशिक्षक एडी जोन्स यांनी त्याला पुन्हा एकही कसोटी दिली नाही, २०१९च्या वर्ल्डकपलाही नेलं नाही. म्हणजे एकजण परदेशात पहिला आला म्हणून बाहेर आणि एकजण देशात पहिला आला तरी बाहेर. युनियनवर पक्षपाताचा आरोप करायला जागाच उरत नाही.

या नियमामागे कारण नाही असं नाही. फ्रेंच क्लबांकडे पैसा आहे. सगळे चांगले गडी तिकडे गेले तर इंग्लंडच्या लीगमध्ये तिकिटं कोण काढणार आणि टीव्हीवाले पैसे कशाचे देणार? शिवाय फ्रेंच क्लबाचा मालक आपल्या पगारी माणसाला इंग्लंडच्या सराव शिबिरासाठी आठवडाभर आधी सोडत नाही. हे सगळं पटतं. नोकर टिकवायचा असला की मालक बोनस रोखून धरतो. इथे बोनसच्या जागी राष्ट्रगीत रोखून धरलंय, एवढाच फरक. ते तसं सांगितलं असतं तर मी हा लेखही लिहिला नसता. पण सांगताना छातीवर हात ठेवून सांगतात, तिथे गडबड होते.

सगळ्यात महागात पडलेलं उदाहरण २०१५चं. स्टेफन आर्मिटेज हा इंग्लंडचा फ्लँकर तूलाँ क्लबात खेळायचा आणि २०१४मध्ये युरोपातला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. पुढचा वर्ल्डकप इंग्लंडमध्येच. बाथ क्लबनं त्याला परत आणायची खटपट केली, ती जमली नाही, आणि आर्मिटेज तूलाँच्या समुद्रकिनाऱ्यावर अपात्र राहिला. ऑस्ट्रेलियातही तेव्हा हाच नियम होता. त्यांचाही मॅट गिटो नावाचा एक जुना गडी त्याच तूलाँमध्ये, त्याच आर्मिटेजच्या संघात खेळत होता. पण ऑस्ट्रेलियन लोक व्यवहारी. त्यांनी २०१५च्या एप्रिलमध्ये नियमाला एक खिडकी पाडली: ज्यानं देशाकडून ६० सामने खेळलेत आणि देशातल्या रग्बीत सात वर्षं काढलीत त्याला परदेशातून बोलावता येईल. खिडकी बरोबर गिटोच्या मापाची होती, म्हणून लोक तिला सरळ 'गिटोचा कायदा' म्हणू लागले. ऑक्टोबरमध्ये ट्विकनहॅमला इंग्लंडची ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. ऑस्ट्रेलियाचे फ्लँकर इंग्लंडकडून चेंडू हिसकावत राहिले, म्हणजे ज्या कामासाठी आर्मिटेज हवा होता तेच काम त्यांनी केलं. अगदी शेवटी तूलाँहून आलेल्या गिटोनं ट्राय मारला. ३३-१३. यजमान इंग्लंड गटातूनच बाहेर. नियम मात्र शाबूत राहिला. ऑस्ट्रेलिया अंतिम सामन्यापर्यंत गेलं.

६० हा आकडा वेल्सला इतका आवडला की त्यांनी तो उचलला. देशाकडून एक सामना म्हणजे एक कॅप; ६० कॅप झाल्या की तुम्ही जगात कुठेही राहून वेल्सवर प्रेम करू शकता. ५९वर असाल तर तुमचं प्रेम वेल्समध्येच लागू. वेल्सच्या रीस वेबनं २०१७मध्ये तूलाँशी करार केला, आणि पाठोपाठ हा नियम जाहीर झाला. त्याच्या कॅप होत्या २८. बिचारा सही करून बसला होता. अखेर २०२०च्या मोसमाआधी त्यानं परतीचं तिकीट काढलं आणि मग वेल्सची लाल जर्सी पुन्हा मिळाली. २०२३च्या फेब्रुवारीत करार आणि पगारांवरून वेल्सचे खेळाडू इंग्लंडविरुद्धच्या सामन्याआधी संपाची भाषा करू लागले, तेव्हा युनियननं खळखळ न करता ६०चे २५ केले. २५! म्हणजे वेबचं देशप्रेम पहिल्या दिवसापासून तीन कॅपनं जास्तच होतं. सरकारी कचेरीत एखाद्याला वर्षानुवर्षं हेलपाटे घालायला लावून शेवटी 'अहो, हा दाखला लागतच नव्हता' म्हणतात, त्याला वेल्श भाषेत काय म्हणतात कोण जाणे.

आयर्लंडमध्ये हे प्रकरण घरातल्या घरात मिटवतात. चार प्रांत, चार संघ, आणि वर बसलेली युनियन. लेन्स्टरमध्ये जॉनी सेक्स्टन असेपर्यंत १० नंबरची जर्सी दुसऱ्या कुणाला मिळणार नव्हती. म्हणून २०१८मध्ये जोई कार्बरी हा गुणी पोरगा मन्स्टरला गेला. तिथे १० नंबर मोकळा होता, आणि १० नंबरवर खेळला तर आयर्लंडला सेक्स्टननंतरचा माणूस तयार मिळणार होता. सगळ्यांचं भलं. २०१९चा वर्ल्डकप कार्बरी खेळलाही. पुढे दुखापतींनी त्याला सोडलं नाही. २०२३च्या वर्ल्डकपला सेक्स्टनबरोबर जे गेले त्यात रॉस बर्न होता, जो लेन्स्टरमध्येच सेक्स्टनच्या मागे मुकाट बसून राहिला होता. कार्बरी नव्हता. तो नंतर फ्रान्सला, बोर्दोला गेला. बदली करून घेणारा आणि टेबल न सोडणारा, यांत बढती कुणाला मिळते हे सरकारी नोकरीत केस पिकवलेल्या कुठल्याही मराठी माणसाला आयर्लंडला न जाता सांगता आलं असतं.

आपल्याकडे क्रिकेटमध्ये २०२५च्या एप्रिलमध्ये यशस्वी जैस्वालनं मुंबई सोडून गोव्याकडून खेळायला ना-हरकत मागितली, आणि मे महिन्यात अर्ज मागे घेतला. एवढ्यावर आपल्या वर्तमानपत्रांचे रकाने भरले. रग्बीत असल्या गोष्टीची बातमी होत नाही. तिथे माणसं प्रांत नाही, देश बदलतात.

देश बदलण्याचे मार्ग दोन. एक, राहून. पूर्वी ३६ महिने राहिलं की पुरत असे. बंडी आकी ऑकलंडचा, आईवडील सामोआचे. २०१४मध्ये आयर्लंडच्या कॉनॉक्टमध्ये आला आणि २०१७च्या नोव्हेंबरमध्ये आयर्लंडकडून खेळला. त्याच्यासारख्यांना तिकडे 'प्रोजेक्ट प्लेअर' म्हणायचे. आकीनं नंतर असा खेळ केला की टीका करणारे आयरिश लोक आता त्याला आपल्या आत्याचा मुलगा असल्यासारखं सांगतात. पण त्या काळात इतके प्रोजेक्ट पूर्ण होऊ लागले की वर्ल्ड रग्बीनं ३६चे ६० महिने केले.

दुसरा मार्ग आजीआजोबांचा. आईबाप नाहीत तर निदान एक आजी किंवा आजोबा तरी त्या देशात जन्मलेले हवेत. हा मार्ग स्वस्त, पण त्याला पुरावा लागतो, आणि तो बराच काळ कुणी मागत नसे. २०००मध्ये मागितला तेव्हा मोठा गहजब झाला. न्यूझीलंडकडून चार कसोट्या खेळून वेल्सकडे आलेल्या शेन हावर्थला आपले आजोबा कार्डिफचे हे दाखवता येईना. ब्रेट सिंकिन्सनचे आजोबा कारमार्थनचे समजले जात होते, ते निघाले इंग्लंडातल्या ओल्डहॅमचे. स्कॉटलंडचा डेव्हिड हिल्टन तर ४१ सामने खेळून बसला होता आणि त्याच्या एडिंबराच्या समजल्या जाणाऱ्या आजोबांनी कागदोपत्री जन्म घेतला होता ब्रिस्टलमध्ये. गंमत अशी की सिंकिन्सन आणि हिल्टन दोघंही पुढे त्या त्या देशात राहून रहिवासाच्या नियमानं पात्र ठरले आणि पुन्हा खेळले. आजोबांनी दगा दिला, भाड्याच्या घरानं तारलं.

२०२२पासून एक तिसरी सोय झाली. एका देशाकडून खेळलेला माणूस तीन वर्षं कुठल्याही देशाकडून न खेळता गप्प बसला, तर जन्मानं किंवा आईबाप-आजीआजोबांच्या जन्मानं मिळणाऱ्या दुसऱ्या देशाकडे जाऊ शकतो, आणि तेही एकदाच. पॅसिफिक बेटांना याचा खरा फायदा झाला आणि तो न्याय्यही होता. ज्यांची पोरं न्यूझीलंडनं दोन-चार सामने खेळवून कपाटात ठेवली होती त्यांना ती परत मिळाली. पण मी अडकलो त्या 'तीन वर्षं गप्प बसून'वर. आपल्या पक्षांतरबंदी कायद्यात एवढी एक ओळ असती तर गुवाहाटीतल्या हॉटेलवाल्यांचं किती नुकसान झालं असतं.

या सगळ्या स्थलांतरितांमध्ये सर्वात ज्येष्ठ मात्र आपले आहेत. इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या कलकत्ता कपासाठी भांडतात तो कलकत्त्याच्या रग्बी क्लबानं १८७८मध्ये गाशा गुंडाळताना बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून बनवून घेतलेला आहे. कानांना नाग, झाकणावर हत्ती. इतकी वर्षं परदेशात राहूनही भारतीय संघानं त्यांचा कधी विचार केला नाही.

आता पुढचं. २०३१चा वर्ल्डकप अमेरिकेत आहे. अमेरिकेला माणसांची निकड आहे. २०२३च्या वर्ल्डकपला तर तो देश पात्रही ठरला नव्हता, चिलीकडून दोन सामने मिळून एका गुणानं मागे पडला. वर्ल्ड रग्बीचा नियम नागरिकत्व विचारत नाही. पुरेशी वर्षं तिथे घर करून राहिलेला असला की झालं. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एच-वन-बीवर घर थाटलेल्या आणि ग्रीन कार्डच्या रांगेत दशक काढलेल्या तमाम मराठी इंजिनिअरांनी हे पुन्हा एकदा वाचावं. अमेरिकन सरकार ज्यांना अजून आपलं मानायला तयार नाही ते रग्बीच्या हिशोबानं केव्हाच अमेरिकन झालेत, बहुतेकांचे तर ६० महिने दोनदा भरलेत. स्क्रमच्या पहिल्या रांगेत सव्वाशे किलोची माणसं लागतात, तेव्हा गणेशोत्सवातले मोदक या वर्षीपासून मोजू नयेत. सामन्याचं मानधन तेवढं घेऊ नका, व्हिसाला चालत नाही. आणि निवड झालीच तर मॅनेजरकडे रजेचा अर्ज टाकताना कारण 'वैयक्तिक' लिहा.