१०० पैकी ७१ गुणांच्या विक्रेत्यास अनावृत पत्र



आपले शुभनाम मला ठाऊक नाही, आणि ज्या टोपणनावाने आपण लिलावाच्या त्या संकेतस्थळावर वावरता ते निम्मे अक्षरांचे व निम्मे आकड्यांचे आहे; त्यामुळे मायना काय लिहावा, हा पेच काही काळ माझ्यापुढे होता. अखेरीस ज्या एका गोष्टीने आपण जगास परिचित आहात, ती म्हणजे आपल्या नावापुढचा '१०० पैकी ७१' हा आकडा, तीच आपली उपाधी समजून हे पत्र लिहीत आहे. आमच्या पिढीत एवढ्या गुणांवर गल्लीत पेढे वाटीत असत. आपल्या पेशात तेवढ्याच गुणांनी मनुष्य बदनाम होतो, हे पाहून प्रथमदर्शनी मला आपली कणवच आली.

आपण लिलावास काढलेली वस्तू म्हणजे एक शिवराई. एका अंगास तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या अंगास 'छत्र पति', अशा अक्षरांचे हे तांब्याचे नाणे शिवछत्रपतींच्या काळी निघाले आणि पुढे पेशवाई बुडाल्यावरही आपल्या नावाचा दरारा राखून बाजारात फिरत राहिले. अशी एखादी शिवराई आपल्याही संग्रही असावी, ही माझी जुनी आकांक्षा. प्रश्न एवढाच की ती आपल्याकडून घ्यावी काय.

सात रस्त्यावर राहणाऱ्या मनुष्यास अदृश्य विक्रेत्याची सवय नसते. इकडे चादर घेतली आणि पहिल्या धुण्यात तिचा रंग गेला, तर गिऱ्हाईक ती ओली चादर तशीच खांद्यावर टाकून दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहते, आणि मराठी, कानडी व तेलुगू अशा तिन्ही भाषांत, येणाऱ्याजाणाऱ्यांस नीट ऐकू जाईल अशा बेताने आपली कैफियत मांडते. तिचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्या कोणाचा हात खिशाकडे जात नाही. याचा अर्थ समोरासमोरचा सौदा निर्मळच असतो, असा मात्र नव्हे. भौगोलिक मानांकनाच्या नाकावर टिच्चून परगावच्या मागावरची चादर 'सोलापुरी' म्हणून खपतेच. आणि याच शहराच्या बाजार समितीत, २०२३ च्या फेब्रुवारीत, बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याचा ५१२ किलो कांदा चारचौघांदेखत किलोस १ रुपया दराने गेला, आणि गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हाती २ रुपयांचा धनादेश पडला. तेथे कोणी तोंड लपविले नव्हते. पट्टीही रीतसर झाली होती. तेव्हा तोंडओळखीचे माहात्म्य मी फार वाढवून सांगत नाही.

तोंडओळख नाही तेथे काय करावे, यावर पियर ओमिद्यार या गृहस्थांनी १९९६ साली आपल्या लिलावपेठेत, जी पुढे ईबे या नावाने विख्यात झाली, असा तोडगा काढला की सौदा उरकल्यावर खरेदीदाराने व विक्रेत्याने परस्परांविषयी शेरा लिहून ठेवावा. त्या पेठेतील पहिली विक्री म्हणून जी सांगतात, ती एका मोडक्या लेसर पॉइंटरची. तो मोडका आहे हे ठाऊक असूनही घेणाऱ्याने १४.८३ डॉलर मोजले. आपल्या देशात बाझी डॉट कॉम निघाली, २००४ साली ती ईबेने घेतली आणि २०१८ च्या ऑगस्टात ईबेने येथील दुकानच मिटले; शेऱ्यांची चाल मात्र साऱ्या बाजाराने उचलली. तिची गंमत अशी की, रेस्निक आणि झेकहाउझर या दोघा अभ्यासकांनी ईबेवरील शेऱ्यांची मोजदाद केली, तेव्हा खरेदीदारांच्या शेऱ्यांपैकी सुमारे ९९ टक्के स्तुतिपर निघाले, आणि जवळजवळ निम्म्या खरेदीदारांनी काही लिहिलेच नव्हते. निंदा केली तर विक्रेता उलट शेरा मारून सूड उगवील, या धास्तीने पुष्कळांची लेखणी थबकत असे. म्हणून २००८ पासून विक्रेत्यास गिऱ्हाइकाविषयी वाईट लिहिण्याची बंदीच करावी लागली. जेथे सारेच सज्जन, तेथे ७१ गुणांचा मनुष्य चारचौघांत उठून दिसणारच.

यास्तव आकडा बाजूस ठेवून मी आपले दफ्तरच उघडले. एकूण शेरे १४. पैकी चांगले १०, वाईट ४. वाइटांतील दोन फिर्यादी टपाल उशिरा आल्याच्या आहेत. त्या दिवाळीच्या आठवड्यातल्या, म्हणजे त्यांत आपला अपराध पोस्टमनाहून अधिक नाही. तिसऱ्या फिर्यादीने लिहिले आहे की नाणे फारच झिजलेले व जुने निघाले. तीनशे वर्षांची वस्तू नवी कोरी यावी, अशी अपेक्षा बाळगणाऱ्या या महाभागाची तक्रार मी आपल्या बाजूने जमा धरली. उरली चौथी. तीत तीनच शब्द आहेत: 'नाणे ओतीव आहे.' त्यावर आपला खुलासा नाही.

आता स्तुतीकडे वळतो. कारण खरे सांगायचे तर माझा आपल्यावरील विश्वास डळमळला तो निंदेने नव्हे, स्तुतीने. दहाही प्रशस्तिपत्रे एकाच आठवड्यात दाखल झालेली आहेत. दहाही जणांस नाणे, वेष्टन आणि आपला स्वभाव या तीन गोष्टी, आणि त्याच क्रमाने, आवडलेल्या आहेत. आणि दहाही जणांनी 'उत्कृष्ट' हा शब्द 'उत्कृष्ठ' असा लिहिलेला आहे. निरनिराळ्या गावच्या दहा रसिकांचे शुद्धलेखन इतके एकजीव असावे, हा योगायोग मानण्याइतका मी श्रद्धाळू नाही. त्यांतील दोघे तर सध्या याच शिवराईवर आळीपाळीने बोली चढवीत आहेत. ज्या वर्षी आमच्या सोलापुरावर मार्शल लॉ लादला गेला, त्याच १९३० सालचा मालविक्रीचा कायदा आहे; त्याच्या ६४ व्या कलमान्वये विक्रेत्याने खोट्या बोलीने किंमत फुगविली, तर सौदा मोडण्याचा अधिकार खरेदीदारास मिळतो. हे आपल्या मित्रद्वयाच्या कानावर घालावे.

मग मी छायाचित्र निरखले. शिवराई हाताने ठोकीत. ठसा बहुधा चकतीहून मोठा, त्यामुळे अस्सल नाण्यावर एखादी मात्रा, एखादे अक्षर काठाबाहेर गेलेले असावयाचे. आपल्या नाण्यावर सर्व अक्षरे मध्यभागी, शाळेतल्या मुलांप्रमाणे ओळीत उभी आहेत. त्यांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत. 'छ' च्या पोटात सुईच्या टोकाएवढी छिद्रे, जी साच्यात रस ओतताना हवा कोंडली म्हणजे पडतात. आणि वर चिंचेने घासल्याची ती लकाकी, जिच्यामुळे अस्सल नाण्याचेही मोल संग्राहकांच्या नजरेत उतरते. कडेचे छायाचित्र नाही. वजनाचा उल्लेख नाही.

इतके होऊनही मी आपला पक्ष सोडला नसता. परंतु वर्णनाच्या तळाशी आपण 'जगात कोठेही घरपोच' असे औदार्य प्रकट केले आहे. शंभर वर्षांवरील नाणे १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुराणवस्तू ठरते, आणि ते खासगी मनुष्याने परदेशी धाडण्यास मनाई आहे. म्हणजे शिवराई खरी असेल, तर आपण राजरोस गुन्ह्याची जाहिरात करीत आहात. आणि आपण निर्दोष असाल, तर ते केवळ शिवराई खोटी असल्यामुळे. एका परक्या गृहस्थाविषयी शक्यतो चांगलाच तर्क करावा, या संस्कारास अनुसरून मी दुसरा पर्याय ग्राह्य धरतो.

तेव्हा बोली मी तूर्त लावीत नाही. प्रस्ताव मात्र ठेवतो. वर्णनातील 'अस्सल' हा शब्द खोडून तेथे 'प्रतिकृती' असे लिहावे, वजन नमूद करावे आणि ते मित्रद्वय घरी पाठवावे. मोडका पॉइंटर मोडका म्हणून विकला जातो, तर ओतीव शिवराई ओतीव म्हणून का विकली जाऊ नये? नातवंडांस अक्षरे वाचून दाखविण्यास मला ती पुरेशी आहे, आणि तांबे व मजुरी यांचे जे रास्त मोल होईल ते, वर टपालखर्चासह, मी बिनतक्रार देईन. एवढे घडल्यास आपल्या दफ्तरी अकरावा चांगला शेरा पडेल, आणि त्यात 'उत्कृष्ट' हा शब्द शुद्ध लिहिलेला असेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बोली राखून ठेवलेले एक गिऱ्हाईक
सात रस्ता, सोलापूर