राजहंसगड आणि नॉर्दर्न लाइट्स

बेळगावजवळच्या आमच्या येळ्ळुरात अक्षरलेखनाचा तास जरा जपूनच घ्यावा लागतो. वेशीवरच्या एका फलकापायी या गावाचं नाव दोन राज्यांच्या वर्तमानपत्रांत गाजलं. 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' एवढीच त्यावरची अक्षरं. 2014 च्या जुलैत प्रशासनानं तो फलक काढला आणि पुढं काय काय झालं, ते सीमाभागात कुणाला सांगायला नको. अशा गावातल्या पोरांना अक्षराला वजन असतं हे निराळं शिकवावं लागत नाही. शिकवायचं उरतं ते एवढंच, की 'येळ्ळूर' लिहिताना दोन ळ एकमेकांच्या अंगावर पडू द्यायचे नाहीत. कट निबच्या पेनानं हा जोड साधायला चांगल्या चांगल्या पोरांना घाम फुटतो. आता मात्र पोरं म्हणतात, "सर, मोबाईलवर टाइप केलं की आपोआप येतंय की!" येतंय खरं. म्हणूनच चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर अक्षर एकदम नेटकं असतं आणि ते कुणी काढलं हे कुणालाच सांगता येत नाही. पूर्वी दुकानाची पाटी बघून पेंटर ओळखायचो.

चित्रकला शिकवायला ऑनलाइन साधनं वापरा, असं हल्ली प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. ते सांगणारे साहेब स्वतः आगगाडी काढतात तेव्हा तिची चाकं चौकोनी येतात, पण तो मुद्दा नव्हे. ड्रॉइंगच्या तासाची मूळ अडचण साधनांची कधी नव्हतीच. ती असते गणिताच्या सरांची. परीक्षा जवळ आली की ते दारात उभे राहून गोड हसतात आणि आपला तास गेला हे आपल्याला कळतं.

दुरून आणलेल्या चित्रावरून शिकणं आपल्याला नवं नाही. 1857 साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, तिथं पुढं कैक पिढ्यांनी युरोपातल्या पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रती समोर ठेवून हात घासला. गिरगावातल्या पोरानं ग्रीक देवाचं नाक गिरवायचं, हाच शिरस्ता. रवी वर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती खेड्यापाड्यांतल्या भिंतींवर येऊन बसल्या. त्यानंतर चित्रकार दलाल आणि मुळगावकर आले. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ आणि कॅलेंडर हीच आमच्याकडची आर्ट गॅलरी, आणि तिला तिकीट नव्हतं. कॅलेंडरचा महिना संपला तरी पान फाडायचं नाही, यावरून घरात भांडणं होत. आणि शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवता रंगवता स्वतःचा कॅमेरा तयार करून 1920 मध्ये 'सैरंध्री' काढून बसले होते. चित्र, यंत्र आणि पडदा यांचं लग्न आमच्या भागात शंभर वर्षांपूर्वीच लागलं आहे. प्रशिक्षणाची पत्रिका तेवढी आत्ता आली.

2020 च्या टाळेबंदीत मोबाईल घरोघरी अभ्यासाला बसला. एकच फोन, तोही बापाबरोबर शिवारात गेलेला. तो संध्याकाळी परत आला की पोरगं चित्राचा व्हिडिओ लावायचं आणि मध्येच ओरडायचं, "सर, नेट येईना झालंय, नुस्तं फिरायलंय!" तेव्हापासून एक गंमत बघतोय. येळ्ळूर कर्नाटकात आहे याची फोनला पक्की खात्री असते, त्यामुळं आधी जाहिरात लागते कन्नडमधून. मग सर शिकवतात हिंदीतून. त्याखालचा व्हिडिओ एखाद्या कोरियन बाईचा, तो मुका, मागं नुसतं पियानो. पोरगं तिन्ही सारख्याच मन लावून बघतं. रंग कसा पसरतो हे कळायला भाषा लागत नाही, आणि भाषेच्या प्रश्नानं शिणलेल्या या भागात एवढी विश्रांती काही कमी नाही.

चित्रकलेच्या परीक्षांचंही तसंच. मराठीतले झकास व्हिडिओ मिळतात ते महाराष्ट्राच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटचे. आमच्या पोरांना बसायचं असतं कर्नाटकाच्या लोअर आणि हायरला. पण बिघडत नाही. माठाच्या तोंडाचा लंबगोल दोन्ही राज्यांत सारखाच चुकतो.

चिंता मला निराळीच आहे. "निसर्गचित्र काढा" म्हटलं की पूर्वी वर्गातून एकच चित्र यायचं: दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, कडेला झोपडी आणि एक नारळाचं झाड. आम्ही त्याला नावं ठेवली. आता ते गेलं, आणि त्याच्या जागी दुसरं एकच चित्र आलंय. कडेला चिकटपट्टी लावायची, स्पंजानं निळा-जांभळा थापायचा, मध्ये गोल चंद्र ठेवायचा, खाली सूचिपर्णी झाडांची काळी रांग, आणि कोपऱ्यात झोपाळ्यावर बसलेले दोघेजण. वरती हिरवट पट्टे असले तर ते नॉर्दर्न लाइट्स. चिकटपट्टी ओढली की पांढरी चौकट सुटते आणि सगळा वर्ग "आहा" म्हणतो. मीही म्हणतो, दिसतं छानच. पण हे काढणाऱ्या पोराच्या खिडकीतून राजहंसगड दिसत असतो. पावसाळ्यात धुकं आलं की आख्खा गड पुसून जातो आणि तासाभरानं पुन्हा उमटतो. खाली भाताची वाफी: रोपाचा पोपटी वेगळा, लावणीनंतरचा फिकट वेगळा, पोटरीला आल्यावरचा गडद आणखी वेगळा. शेतकऱ्याच्या पोराला या हिरव्या छटा बापानं न सांगता कळतात. कागदावर मात्र डबीतला एकच हिरवा येतो, कारण व्हिडिओतल्या बाईकडं तेवढाच होता. त्या गडावर शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. मार्च 2023 मध्ये एकाच आठवड्यात त्याचं दोन पक्षांनी दोनदा अनावरण केलं. चित्र मात्र आमच्या वर्गात कुणी एकदाही काढलं नाही. मी विचारलं तर उत्तर आलं, "सर, त्याचा व्हिडिओ नाही."

व्हिडिओला मी शत्रू मानत नाही. त्याचा एक गुण कुठल्याही मास्तरात नाही: तो मागं नेता येतो. मी फळ्यावर एकदा हात फिरवला की फिरवला. चाळीसाव्यांदा "पुन्हा दाखवा" म्हटलं तर माझा आवाज चढतो. फोनचा चढत नाही. अमेरिकेत बॉब रॉस नावाच्या गृहस्थानं 1983 ते 1994 या काळात टीव्हीवर 403 भाग केले, अर्ध्या तासात एक निसर्गचित्र. आता ते सगळं यूट्यूबवर आहे आणि आमची पोरं ते बघून थक्क होतात. पण त्या अर्ध्या तासाच्या चित्राची एक प्रत त्यानं आधीच रंगवून कॅमेऱ्याच्या बाहेर समोर ठेवलेली असे, ही गोष्ट मी वर्गात मुद्दाम सांगतो. नाहीतर अर्ध्या तासात डोंगर उभा राहिला नाही म्हणून पोरं ब्रश धुऊन ठेवतात.

बेळगावचे के. बी. कुलकर्णी यांच्याकडं शिकलेल्या रवी परांजप्यांनी आपल्या आत्मचरित्राला 'ब्रश मायलेज' असं नाव दिलंय. आमच्या पोरांचं बघण्याचं मायलेज अफाट झालंय. ब्रशाचं विचाराल, तर गाडी अजून शोरूममध्येच आहे.

पण जे आमच्या वेशीपर्यंत कधीच येणार नव्हतं, ते बघायला या पडद्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं 2022 मध्ये रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच'चं 717 गिगापिक्सेलचं छायाचित्र सर्वांना खुलं केलं. ते वाढवत वाढवत गेलं की रंगाला गेलेले तडेसुद्धा दिसतात. संग्रहालयात दोरीपलीकडून एवढं कुणाला बघायला मिळतं? मात्र फोनवर एक चोरी होते, ती आकाराची. म्हणून मी खडूनं भिंतीवर मापं काढतो. 'नाइट वॉच' साधारण पावणेचार मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद, म्हणजे आमच्या फळ्याची भिंत संपली. त्याशेजारी 'मोनालिसा', 77 बाय 53 सेंटीमीटर. "एवढीच व्हय?" असा सूर निघतो. त्या क्षणी एखादं पोर चित्राच्या मोठेपणाबद्दल विचार करायला लागतं, आणि माझ्या तासाचा पगार वसूल होतो.

दुसरी चोरी रंगाची. राइक्सम्युझियममध्येच व्हर्मीरच्या चित्रातली दूध ओतणारी बाई आहे. तिच्या पिवळट पडलेल्या प्रती इंटरनेटवर हजारोंनी पसरल्या, आणि संग्रहालयाच्या दुकानातलं खऱ्या रंगाचं पोस्टकार्ड बघून लोकांनाच ते खोटं वाटायला लागलं. शेवटी संग्रहालयानं स्वतःच चांगली छायाचित्रं मोकळी केली. आम्ही हे चित्र वर्गात लावलं ते प्रोजेक्टरवर, आणि आमच्या भिंतीला पोपटी डिस्टेंपर. बाईला कावीळच झाली. मग जेवढे फोन होते तेवढ्यांवर तेच चित्र काढून शेजारी शेजारी ठेवलं. प्रत्येकावर बाई निराळी. खरा रंग कुठला यावर वाद झाला, आणि ज्याचा फोन सगळ्यात महाग त्याचं खरं धरण्यात आलं.

फोनचा मला सापडलेला सगळ्यात उत्तम उपयोग मात्र फुकटचा आहे, आणि त्याला नेटही लागत नाही. वस्तुचित्राची मांडणी करायची: तांब्या, दोन वांगी, लाल मिरच्या, पालकाची जुडी, मागं चादर. फोटो काढायचा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करायचा. लाल मिरची आणि हिरवा पालक एकदम एकाच राखाडी रंगाचे होऊन बसतात, आणि तांब्याच्या पोटावर उजेड नेमका कुठं पडलाय ते उघडं पडतं. छायाप्रकाश म्हणजे काय हे मी फळ्यावर घसा फोडून सांगत होतो, ते पोरांना या एका फोटोनं कळलं. पण त्यानंतर फोन दप्तरात जातो आणि डोळे तांब्यावर येतात, कारण फोटोत तांब्या चपटा होतो. त्याची गोलाई बघायला दोन डोळे लागतात, आणि थोडं इकडून तिकडून डोकावावं लागतं.

म्हणून पालकांना एकच विनंती. पोराला चित्रकलेचं अ‍ॅप घेऊन द्या, रिचार्जही मारा. पण त्याच पैशातून थोडे बाजूला काढून कार्ट्रिज कागदाचे ताव आणि एक बऱ्यापैकी गोल ब्रश आणा. ऑनलाइन मागवलात तरी चालेल. येळ्ळूरचा पत्ता कुठल्या राज्यात लिहायचा, ते तेवढं नीट बघून लिहा, नाहीतर पार्सल परत जातं.