टर्बोवीर

वसई रोडपासून विरारपर्यंत पसरलेल्या गृहनिर्माण संस्थांतून चेअरमन, सेक्रेटरी आणि टँकरच्या फेऱ्यांची नोंद ठेवणारे सेवानिवृत्त गृहस्थ यांच्या जोडीला आणखी एक असामी अलीकडे हमखास आढळते. सकाळच्या लोकलमध्ये एका पायावर उभी राहून अंधेरीस जाणारी, भाजीवर कोथिंबिरीच्या चार काड्या फुकट मागून घेणारी आणि मेंटेनन्सच्या जुन्या पावत्या जिवापाड जपणारी ही असामी वेगाच्या व्यसनात सापडली असेल, अशी शंका तिच्या मुद्रेवरून प्रत्यक्ष चित्रगुप्तासही येणार नाही. परंतु रविवारी पार्किंगमध्ये जुन्या मारुती एस्टीमचे बॉनेट उघडलेले दिसते आणि त्याखाली कमरेपर्यंत अदृश्य झालेले आमचे टर्बोवीर ‘काका, तो दहाचा पाना द्या जरा’ असे फर्मान येणाऱ्याजाणाऱ्यास सोडत असतात.

टर्बोवीरांचा मूळ पिंड काटकसरीचा, हे ध्यानात घेतल्यावाचून त्यांचे चरित्र उकलत नाही. इंजिनातला तप्त धूर सायलेन्सरवाटे वाऱ्यावर सोडून देणे हे त्यांच्या मते भरले ताट टाकून उठण्याइतकेच पातक. आल्फ्रेड बूखी नावाच्या स्विस अभियंत्याने या धुराला कामास जुंपणाऱ्या ‘टर्बो’चे पेटंट १९०५ साली मिळविले: धुराच्या झोतावर एक चक्र फिरते, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते, अधिक हवेबरोबर अधिक पेट्रोल जळते आणि १३०० सीसीचे इंजिन १८०० ची ऐट मिरवू लागते. ‘म्हणजे मोठ्या गाडीचे पैसे वाचले की नाही?’ असे ते वहिनींना समजावतात, आणि या बचतीप्रीत्यर्थ गाडीच्या बाजारभावाहून अधिक रक्कम खर्ची टाकतात.

कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून, कोण्या अपघातग्रस्त डिझेल गाडीच्या अंगावरून उतरलेला टर्बो वर्तमानपत्रात गुंडाळून घरी येतो आणि जेवणाच्या टेबलावर त्याची यथासांग प्रतिष्ठापना होते. दांडा चिमटीत धरून किंचित हलवून पाहावयाचा, डोळे मिटावयाचे आणि ‘प्ले नाही’, म्हणजे दांडा सैल नाही, असा निकाल द्यावयाचा, हा विधी पाहुण्यांसमोरही चुकत नाही. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या त्या दांड्याला तेलाचा अखंड पुरवठा लागतो. तेल येण्यास बारीक नळी पुरते, पण परतीच्या वाटेवर ते केवळ उताराने ओघळत असल्यामुळे इंजिनाखालच्या सम्पला भोक पाडून जाड नळी जोडणे भाग पडते. त्यासाठी तो तेलकट सम्प बाजाराच्या पिशवीत घालून टर्बोवीर रिक्षाने सातिवलीच्या वेल्डिंगवाल्याकडे जातात, आणि घरातले पोह्यांचे पातेले गळके तेल धरण्याच्या चाकरीत कायमचे रुजू होते. वहिनींनी आरंभी त्याबद्दल तक्रार गुदरली होती. ती दप्तरी दाखल झाली.

एवढ्या खटाटोपाने साधलेला वेग दाखवावा कोठे? टर्बोला जोर चढतो तो इंजिन तीनएक हजार फेऱ्यांवर गेल्यावर. आणि नालासोपाऱ्याच्या तुळिंज रस्त्यावर रिक्षा, हातगाड्या, खड्डे व स्वयंभू गतिरोधक यांच्या संयुक्त अमलाखाली दुसरा गिअर पडणे हाच मुळी योगायोग. पेल्हारवरून अहमदाबाद महामार्गास लागावे, तर पुढे कंटेनरांची पलटण उभी. एकदा मोकळा रस्ता लाभला, तेव्हा दाबाने तापलेले पेट्रोल ठिणगीची वाट न पाहताच पेटू लागून इंजिन आतून खडखडले. त्या धसक्याने टर्बोवीरांनी दाब इतका उतरविला की पूर्वीची गाडी आणि आताची गाडी यांतील फरक आज फक्त त्यांनाच जाणवतो. जागच्या जागी रेस केल्याने दाब फारसा तयार होत नाही हे पक्के ठाऊक असूनही, पार्किंगमधील बाळगोपाळांच्या आग्रहाखातर ते ॲक्सिलरेटर दाबून एकदम सोडतात, आणि जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून जे क्षीण ‘फिस्स’ निघते त्यावर पुढचा आठवडा काढतात.

कायदा मात्र रसिक नव्हे. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ अशा फेरबदलांस मनाई करते, आणि कलम १८२अ अन्वये मालकास ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. शिवाय १५ वर्षे उलटलेली गाडी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणीस न्यावी लागते. म्हणजे टर्बो उतरवून गाडी पूर्ववत करणे आले. परंतु इंजिनातला धूर बाहेर नेणारे मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड वहिनींनी दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्यास किलोच्या भावाने देऊन टाकले आहे. तरी एमएच-४८ च्या मुलखात कोणाकडे एस्टीमचे मॅनिफोल्ड पडून असल्यास कृपया कळवावे. टर्बोवीर भाव पाडून मागतील, पण देऊन टाका. तपासणीची तारीख जवळ आली आहे.