ज्ञानस्रोत

शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आता बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्र म्हणतात. इमारतीपुरते ते ठीकच आहे. पण कोल्हापुरातल्या कॉलेजांत नव्याने लागलेले काही ग्रंथपाल ही पाटी स्वतःलाच लावून घेतात. त्यातला एक नमुना आमच्याकडे आहे. त्याचे नाव सांगत नाही, कारण ते त्याने स्वतः सांगितले नाही असा माणूस जिल्ह्यात सापडणे अवघड. माघारी सगळे त्याला ‘ज्ञानस्रोत’च म्हणतात.

भेटला की आधी हात पुढे येतो, मग कार्ड. कार्डावर नाव, नावाखाली एम.लिब., नेट, सेट आणि कंसात ‘पीएच.डी. चालू’. त्याखाली ऑर्किडचा, म्हणजे संशोधक म्हणून ओळखीचा, सोळा आकडी क्रमांक. स्वतःचा रक्तगट विचारला तर जरा आठवावे लागते, पण हा क्रमांक रामरक्षेसारखा पाठ. इन्फ्लिबनेटने देशभरातल्या तज्ज्ञांची ‘विद्वान’ नावाची यादी केली आहे, तीत त्याची नोंद झाली तो दिवस त्याने पेढे वाटून साजरा केला.

“मामा, मी आता विद्वानमध्ये आहे,” त्याने देवघेवीच्या खिडकीत बसलेल्या मामांना सांगितले.

“असालसा की सर,” मामा म्हणाले, “आम्ही कुठं न्हाई म्हटलंय?”

मामा शिवाजी पेठेतले. जुने शिपाई, आता कागदोपत्री ग्रंथालय परिचर. कोणते पुस्तक कोणत्या कपाटात, कोणता पोरगा कोणत्या पेपरात अडकलाय आणि कोणाच्या घरी अभ्यासाला जागा नाही, हे सगळे त्यांच्या डोक्यात. रात्री अभ्यासिकेची किल्ली त्यांच्या कमरेला.

ज्ञानस्रोताला हसणे सोपे आहे, पण त्याचीही बाजू आहे. कॉलेजात ग्रंथपाल म्हणजे धड इकडचा ना तिकडचा. स्टाफरूममधले त्याला प्राध्यापक मानत नाहीत आणि ऑफिस त्याला आपला मानत नाही. नॅकची समिती यायची झाली की मात्र प्राचार्यांना त्याची आठवण होते आणि वाचकांच्या नोंदवहीत सह्यांची गर्दी उसळते. समिती गेली की पुन्हा वाळवी आणि तो. खुद्द ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथनसुद्धा 1924 साली गणिताचे मास्तर होते ते मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल झाले आणि काही दिवसांतच परत शिकवायला जातो म्हणून मागे लागले. त्यांना लंडनला धाडले, तिथे त्यांना या कामाची गोडी लागली. आमच्या माणसाला कोणी लंडनला धाडले नाही. त्याने लिंक्डइन काढले.

तिथे तो ‘ग्रंथपाल, विचारवंत, वक्ता, आजन्म विद्यार्थी’ आहे. वक्ता झाला तो लॉकडाऊनमध्ये. तेव्हा घरबसल्या प्रश्नमंजूषा सोडवली की ई-प्रमाणपत्र मिळायचे आणि त्याने ती ओंजळी भरभरून घेतली. जलसंधारणापासून योगापर्यंत सगळ्यात तो प्रमाणित आहे. परिषदेला गेला की पहिल्या सत्रात नोंदणी, दुसऱ्यात बीजभाषण करणाऱ्याबरोबर फोटो, तिसऱ्यात जेवण. निबंध वाचला गेला की नाही हे कोणी विचारत नाही, पण फोटोखाली ‘मान्यवरांशी सखोल चर्चा’ अशी ओळ येते. मान्यवर फोटोत घड्याळ बघत असतात.

12 ऑगस्टला रंगनाथनांची जयंती, म्हणजे ग्रंथपाल दिन. तसबिरीला हार घालताना याने असा काही कोन साधला की फोटोत रंगनाथनच याच्या मागून डोकावताना दिसले. त्या दिवशीच्या भाषणाचा विषय होता, व्यक्तिगत ब्रँडिंग. पडद्यावर रंगनाथनांचे द्विबिंदू वर्गीकरण झळकले: व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, अवकाश, काल. “बघा,” तो म्हणाला, “सरांनीसुद्धा पर्सनॅलिटीच पहिली ठेवली!” रंगनाथनांना अभिप्रेत होती ती पुस्तकाच्या विषयाची ओळख, पण सभागृहात ते कळणारे दोघेच होते आणि दोघांनाही त्याच्याकडून प्रमाणपत्र हवे होते.

त्याचे नेटवर्क खोटे मात्र नाही. एका संशोधक मुलीला कुठल्याशा बंद पडलेल्या मासिकातला जुना लेख हवा होता. हिने करवीर नगर वाचन मंदिर पालथे घातले. 1850 सालची ती संस्था, तिथे नाही म्हणजे कोल्हापुरात नाही, असे समजून ती रडकुंडीला आली. याने ग्रंथपालांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक ओळ टाकली. मुलीचा चहा संपायच्या आत विदर्भातल्या कोण्या ग्रंथपालाकडून पानांचे फोटो आले. खाली टीप: “सर, लिंक्डइनवर माझ्या नेतृत्वगुणाला दुजोरा द्यावा.” याने तो लगेच दिला. माणूस कधी भेटला नव्हता, पण एवढ्या तत्परतेत नेतृत्वगुण असणारच.

हे सगळे ठीक चालले होते. मग मामांचा वाढदिवस आला.

कोल्हापुरात वाढदिवसाला चौकात डिजिटल बोर्ड लागतो, त्याला विषय नाही. तालमीच्या पोरांनी मामांचा लावला. मधे मामा, डोक्याला फेटा, डोळ्यांवर कोणाचा तरी गॉगल. वर ‘अभ्यासिकेचा ढाण्या वाघ’. आणि खाली शुभेच्छुकांचे फोटो, ओळीवर ओळी: फौजदार, दोन वकील, एक माजी नगरसेवक, तहसील कचेरीतले चौघे, डॉक्टरीणबाई, मिसळवाले. सगळे कधी ना कधी त्या अभ्यासिकेत बसलेले आणि रात्री मामांनी “आता जावा की घरला” म्हणून उठवलेले.

ज्ञानस्रोत बोर्डाखाली बराच वेळ उभा होता. मला वाटले, आता हा काही शिकतोय. तो एकेक ओळ बोटाने मोजत खाली आला. शेवटच्या ओळीत चहावाला आणि झेरॉक्सवाला यांच्या मधे त्याला तो स्वतः सापडला.

“मामा,” तो दुसऱ्या दिवशी दुखावलेल्या आवाजात म्हणाला, “ग्रुपवर माझा प्रोफाइलचा एवढा चांगला फोटो आहे. बोर्डावर तो तरी घ्यायचा!”

मामांनी पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला.

“त्योच घेतलाय की सर. बारका केला की असाच दिसतोय.”