कसंतरीच होतंय

"कसंतरीच होतंय गं," असं म्हणून आई सोफ्यावर आडवी झाली.

हे पुण्यात घडलं असतं तर काही अडलं नसतं. आमच्या डॉक्टरांना 'कसंतरीच' एवढं पुरतं. ते मान डोलावतात, जीभ बघतात आणि "काल लग्नाला गेला होतात का?" असं विचारतात. पण आम्ही लंडनजवळच्या एका गावात, भावाच्या घरी होतो. भाऊ-वहिनी दोघंही कामावर गेलेली. तिकडे बरं वाटेनासं झालं की १११ नंबर लावायचा, एवढं भावानं फ्रिजवर लिहून ठेवलं होतं. लावला.

फोनवरची बाई फार गोड आवाजाची होती. श्वास नीट घेता येतोय का, छातीत दुखतंय का, कुठे रक्त येतंय का, सगळं रांगेनं विचारून झालं. सगळ्याला 'नाही' किंवा 'ठीक आहे'. मग ती म्हणाली, नेमकं काय होतंय ते सांगा. तीस वर्षं इंग्रजीत पत्रव्यवहार करून निवृत्त झालेली मी, सांगून काय बसले, तर "शी इज फीलिंग... समहाऊ."

पलीकडे शांतता. आईला वाटलं, मुलीला जमत नाहीये. तिनं फोन हातात घेतला आणि ठणकावून सांगितलं, "आय हॅव बीपी. आय हॅव शुगर. आय हॅव थायरॉइड."

आता बीपी म्हणजे रक्तदाब तो, कुणाला नसतो? साखरही प्रत्येकाच्या रक्तात असते आणि थायरॉइडची ग्रंथी तर जन्मतःच गळ्यात असते. आईनं त्या बाईला एवढंच कळवलं होतं की मी जिवंत आहे. पण आपल्याकडे या तीन शब्दांवर अख्खा जिना टाळता येतो. "काकूंना बीपी आहे" म्हटलं की लिफ्टमध्ये जागा होते.

बाई समंजस होती. "ओह, शी इज फीलिंग पुअर्ली," असं हळुवारपणे म्हणाली. स्पीकरवर ते आईनं ऐकलं.

"गरीब कोणाला म्हणतेय ती? सांग तिला, माझा मुलगा इथे चांगला कमावतो."

त्या रात्री मला झोप येईना, तेव्हा इंग्रजी लेखिका व्हर्जिनिया वुल्फ आठवली. आजारपणावरचा तिचा निबंध १९२६च्या जानेवारीत टी. एस. एलियटच्या नियतकालिकात छापून आला होता. तिची तक्रार अशी, की हॅम्लेटचं मन उलगडणाऱ्या इंग्रजी भाषेकडे साध्या डोकेदुखीसाठी आणि अंगातल्या शिरशिरीसाठी शब्द नाहीत. प्रेमात पडलेल्या शाळकरी मुलीच्या मदतीला शेक्सपिअर येतो, पण डोकं दुखणाऱ्यानं डॉक्टरांसमोर तोंड उघडलं की भाषा आटते. वुल्फबाई स्वतः डोकेदुखीनं आयुष्यभर बेजार होत्या, त्यामुळे हे ऐकीव नव्हतं.

मला वाटलं, हिला माझ्या आजीकडे आठवडाभर पाठवायला हवं होतं. आजीचं डोकं कधी नुसतं 'दुखलं' नाही. ते ठणकायचं, भणभणायचं, जड व्हायचं, उठायचं. दात ठसठसायचा. जखम आधी चुरचुरायची, मग हुळहुळायची. पाठीत उसण भरायची, पोटात मुरडा यायचा, पोटऱ्या भरून यायच्या, तापानं अंग फणफणायचं. आणि हे काही शब्दांचे लाड नव्हते. ठसठस म्हटलं की वैद्याला कळायचं, आत पू धरलाय. ठसठस, चुरचुर, भणभण हे शब्द नुसते उच्चारले तरी दुखण्याचा ताल हाताला लागतो.

इंग्रजीवाल्यांनी हे काम नंतर शास्त्रशुद्ध पद्धतीनं केलं. मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात ७८ शब्द आहेत, २० गटांत लावलेले. धडधडणारं, भोसकणारं, कुरतडणारं, जाळणारं. एका गटात तर क्रूर आणि जीवघेणं हेसुद्धा आहे. रुग्णानं आपल्या दुखण्याला बसेल तो शब्द निवडायचा. म्हणजे जे आजीच्या तोंडात होतं ते त्यांना कागदावर छापावं लागलं. अर्थात त्यांनी छापलं म्हणून जगभरच्या दवाखान्यांत पोचलं. आजीची प्रश्नावली आजीबरोबर गेली, त्याला काय करणार?

मात्र दोन भाषांमधला खरा फरक शब्दांत नाही, कर्ता कोण यात आहे. इंग्रजीत माणूस सर्दी 'पकडतो', जणू ती पळत होती आणि यानं धावत जाऊन गाठली. आपल्याला सर्दी होते. ताप येतो, राग येतो, रडू येतं, आठवण येते. आपण नुसते 'मला' होऊन दारात उभे, येईल त्याला आत घेत. डोळेसुद्धा येतात! लाल डोळे घेऊन बसलेला माणूस "डोळे आलेत" म्हणतो आणि कुणी विचारत नाही की मग इतके दिवस कुठे गेले होते. तोंड येतं, घसा बसतो, दात आंबतात आणि थंडी चक्क वाजते. तिकडेही अगदी अरसिक कारभार नाही म्हणा. आपलं नाक वाहतं, त्यांचं धावतं. आपल्या पायाला मुंग्या येतात, त्यांना टाचण्या-सुया टोचतात. आपल्या पोटात कावळे ओरडतात, त्यांच्या घशात बेडूक बसतो. आणि इन्फ्लुएंझा हा शब्द इटालियनमधून आला. त्याचा मूळ अर्थ ग्रहताऱ्यांचा प्रभाव. साडेसातीला नावं ठेवणाऱ्यांनी फ्लूची गोळी घेताना एवढं लक्षात ठेवावं.

मग आपण बीपी, शुगर, लूज मोशन, पाइल्स कशाला म्हणतो? शब्द नाहीत म्हणून नाही. मूळव्याध म्हटलं की सगळ्यांना जागा दिसते, पाइल्सला पडदा आहे. जुन्या बायका पाळीला 'कावळा शिवला' म्हणायच्या, नाती 'पिरियड्स' म्हणतात. कावळा उडाला, आडोसा तोच राहिला. भावनांचंही तसंच. आई नातवाला व्हॉट्सअॅपवर 'मिस यू' लिहिते, पुढे तीन बदाम. पण समोर आला की "किती वाळलास" याच्या पुढे गाडी जात नाही. मराठीत बोलायचं तर आवाज कापेल, इंग्रजीत कापत नाही.

यावर मी पूर्वी फार चिडायचे. आता तितकी चिडत नाही, याला कारण आमच्या वाड्यातल्या एक मावशी. मावशी वर्षानुवर्षं म्हणायच्या, "कशात मन लागत नाही." सगळे म्हणायचे, देवळात जात जा, स्वेटर विणा. मग भाचीनं एकदा 'डिप्रेशन' हा शब्द घरात आणला आणि त्याच आठवड्यात मावशींना डॉक्टरांकडे नेलं. दुखणं तेच होतं. पण मराठीत तो स्वभाव होता, इंग्रजीत आजार झाला आणि आजाराला औषध असतं. हुरहूर, रुखरुख, चुटपुट, घालमेल असे सुरेख शब्द असूनही मावशींचं त्यांनी काही भलं केलं नव्हतं.

तर, फोन. बाईनं शेवटी विचारलं, एक ते दहा आकड्यांत किती त्रास होतोय? आई छत्तीस वर्षं शाळेत शिकवत होती. तिनं डोळे मिटून विचार केला आणि म्हणाली, "दहापैकी साडेतीन सांग. पासापुरतं." पाणी पीत राहा, आराम करा, छातीत दुखलं तर लगेच पुन्हा फोन करा, असं सांगून बाईनं निरोप घेतला. संध्याकाळी पाचच्या सुमारास आईला एक दणदणीत ढेकर आला. ती उठून बसली आणि आल्याचा चहा टाक म्हणाली. वहिनीच्या फ्रिजमधलं चीज सकाळी श्रीखंडासारखं वाटीत घेऊन खाल्ल्याचं तेव्हा कबूल केलं.

पुण्याला परतल्यावर महिन्याभरानं तिला घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले.

"काय काकू, काय होतंय?"

आईनं पदर सारखा केला. "डॉक्टर, कालपासून जरा पुअर्ली वाटतंय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. "पुअर्ली म्हणजे नेमकं काय?"

"म्हणजे," आई म्हणाली, "कसंतरीच."

"हां," म्हणत डॉक्टरांनी टॉर्च घेतला. "जीभ दाखवा."