मेथी, कोथिंबीर आणि मुदतवाढ

डोंबिवलीकराच्या घरात ऊन येतं, पण त्याची आणि उन्हाची गाठ रविवारपुरतीच. एरवी तो सकाळी सातच्या सुमाराला स्टेशन गाठतो आणि दिवेलागण कधीच उलटून गेल्यावर परततो. तुळशीला पाणी घालायचं ते धावतपळत. कल्याण-ठाणेकरांचंही फारसं वेगळं नाही. त्यामुळे २०२०च्या मार्चमध्ये लोकल थांबली, तेव्हा आपल्या गॅलरीत सकाळी अकरा वाजता काय चाललेलं असतं, हे बघायला निम्म्या शहराला पहिल्यांदाच सवड मिळाली.

त्या वर्षी गुढीपाडवा आणि टाळेबंदीचा पहिला दिवस एकच निघाला, २५ मार्च. ज्या डोंबिवलीने नववर्षाच्या शोभायात्रा सुरू केल्या, त्याच डोंबिवलीचा फडके रोड पाडव्याला ओस. ढोल नाहीत, लेझीम नाही, नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या पोरी घरात. गुढ्या तेवढ्या उभ्या राहिल्या, ग्रिलमधून जमेल तितक्या तिरक्या.

मग हाताला चाळा हवा म्हणून बागकाम आलं. रोपवाटिका बंद, तेव्हा बियाणं आलं मिसळणाच्या डब्यातून. मेथी, मोहरी, धने, आणि वाळक्या लाल मिरचीतलं बी. माती मात्र पैसे देऊनही मिळेना. कुठल्या तरी दिवंगत गुलाबाची कुंडी माळ्यावरून खाली आली, रंगाचा रिकामा डबा आला, श्रीखंडाच्या डब्यांना बुडाशी भोकं पडली.

मेथीने पहिली बाजी मारली. तिसऱ्या दिवशी अंकुर, आणि तीन आठवड्यांत भाजी. सरकारने जाहीर केलेले दिवसही एकवीसच! मेथी खुडायला आली आणि १४ एप्रिलला मुदत वाढली, ३ मेपर्यंत. तेवढ्यात कोथिंबीर धरली. पुढे १७ मे, तोवर मिरचीची रोपं वीतभर झाली. मग ३१ मे. नवी तारीख जाहीर झाली, की आमच्या मजल्यावर एकच विचारणा, ‘आता काय पेरायचं?’

खताचं शास्त्र मोबाइलवरून आलं. कांद्याच्या सालींचं पाणी, तांदळाचं धुवण, चहाचा चोथा, पिठ्या ढेकणावर आंबट ताक. अंड्याची टरफलं कुंडीत घाला, असा एक निरोप फिरला आणि ज्या घरांत अंडं शिजत नाही अशी आमची वर्षानुवर्षांची समजूत होती, त्यांच्याही कुंड्यांत ती पांढरी नक्षी दिसू लागली. कोणी काही विचारलं नाही. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

खरी गंमत उन्हाची. उत्तरेकडच्या गॅलरीत काही उगवत नाही, असं बिल्डरपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांनी सांगितलेलं. पण मार्चनंतर सूर्य ईशान्येकडे सरकत उगवतो आणि सकाळचं तिरपं ऊन त्या गॅलरीतही येतं. मेच्या मध्यावर तर तो भर दुपारी आपल्या बरोबर डोक्यावरून जातो, सावली पायाखाली जाते, आणि त्यानंतर पावसापर्यंत थोडा उत्तरेलाच राहतो. म्हणजे दक्षिणेची गॅलरी मिरवणाऱ्यांची मिरची सावलीत, आमची उन्हात. हे भूगोलाच्या पुस्तकात होतंच. आम्हाला ते मिरचीने शिकवलं.

वाळवणाचे दिवस तेच. आम्ही कुंड्यांना पाणी घालायचं आणि ते थेंब थेंब खालच्या मजल्यावरच्या ग्रिलमधल्या कुरडयांवर पडायचं. एका सकाळी खालून वहिनींचा आवाज आला, ‘‘अहो भाऊजी, कुरडया वाळवायला घातल्यात, पेरल्या नाहीत!’’ त्या दिवसापासून पाण्याची वेळ ठरली, कुरडया आत गेल्यानंतरची. असा नेमका तोडगा काढणारी सभा आमच्या सोसायटीत ना त्याआधी झाली, ना नंतर.

अर्थात हे कौतुक ज्यांना घरी बसणं परवडलं त्यांचं. नर्स, बँकेतली माणसं, पालिकेचे सफाई कामगार याच काळात बसच्या रांगेत उभे होते. आमच्या जिन्यातल्या एका सिस्टरची ड्यूटी लांबली, की तिच्या मोगऱ्याला पाणी घालायचं काम ज्याला सवड त्याच्याकडे. मोगरा त्या उन्हाळ्यात असा काही फुलला, की जिना चढताना मास्कमधूनही कळायचा. तिने तो बहर फारसा पाहिला नाही. फुलं तिच्या दाराच्या कडीला लावून ठेवायचो, ती रात्री कधीतरी काढून घ्यायची.

पुढे १ फेब्रुवारी २०२१ला लोकल ठरावीक वेळांत सर्वांसाठी सुटली आणि कुंड्या पुन्हा रविवारच्या झाल्या. बऱ्याचशा सुकल्या. कढीपत्ता आणि गवती चहा टिकले, कारण त्यांना फार लाड लागत नाहीत. तुमच्याकडे रंगाचा डबा रिकामा पडला असेल, तर पाडव्याला धने पेरून बघा. मात्र आधी ते लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा. प्रत्येक धन्यात बिया दोन असतात, आणि अख्खे पेरले तर उगवायला उगाच उशीर करतात. आणि हो, पाणी घालण्याआधी खाली वाकून बघा, कुणाच्या कुरडया तर नाहीत ना!